रिकामी सम : वेंगुर्ल्याजवळची रेगे संगीताची शनिवारची बैठक

वेंगुर्ल्याहून मोचेमाडमार्गे शिरोड्याकडे जाताना, रस्त्याच्या डाव्या हाताला माडांच्या बागेत असलेल्या एका जुन्या चिरेबंदी घरात दर शनिवारी संध्याकाळी रेगे या कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटावरच्या संगीताची श्रवणबैठक भरते. घराचे मालक अनेक वर्षे मालवाहू बोटींवर इंजिनिअर होते. त्या नोकरीत जमैकाच्या किंग्स्टन बंदराला त्यांच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीत त्यांनी तिथल्या दुकानांतून तबकड्या विकत घेतल्या. निवृत्तीनंतर तो सगळा संग्रह त्यांनी गावी आणला आणि माजघर मोकळे करून तिथे तो लोकांना ऐकवायला सुरुवात केली. बैठकीला 14 माणसांची जागा असते, वेळ साडेपाच ते सव्वाआठ, शुल्क माणशी 700 रुपये, आणि त्यात मधला चहा व नंतरचे जेवण धरलेले असते. घराला पाटी नाही. बोटीवाल्या काकांचे घर म्हणून विचारले की कोणीही दाखवते. मी गेल्या महिन्यात लागोपाठ दोन शनिवार गेले. पहिल्या वेळी ऐकायला गेले, आणि त्या रात्री मनात उठलेले प्रश्न विचारण्यासाठी पुन्हा गेले.

जाण्यामागे एक कारण होते. गेल्या हंगामात आमच्याच किनाऱ्यावरच्या एका ठिकाणी ‘रेगे नाइट’ची जाहिरात पाहून आम्ही गेलो होतो. तिथे लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांचे कापड टांगलेले होते, भिंतीवर गांजाच्या पानाचे चित्र होते, आणि रात्रभर जे वाजले त्यात सुरुवातीची दोन गाणी सोडली तर रेगेचा मागमूस नव्हता. सोबतच्या मुलांची समजूत अशी झाली की रेगे म्हणजे सुट्टीत पडल्या पडल्या ऐकायचे सुस्त संगीत. गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या माणसांच्या वंशजांनी किंग्स्टनच्या दरिद्री वस्त्यांमध्ये घडवलेल्या या संगीताविषयी मुलांचा असा ग्रह व्हावा, याचे मला फार वाईट वाटले. ती समजूत पुसून टाकणारी जागा मी शोधत होते आणि ती मला या माजघरात मिळाली, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

बैठकीची पहिली चांगली गोष्ट अशी की ती रेगेचे सर्वांत प्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्यापासून सुरू होत नाही. काका आधी मेंटो ऐकवतात. मेंटो हे जमैकाच्या खेड्यांतले लोकसंगीत असून त्यात बँजो, गिटार आणि रुंबा बॉक्स नावाचे वाद्य असते. रुंबा बॉक्स म्हणजे एक मोठी लाकडी पेटी. तिच्या तोंडाशी धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, वादक पेटीवरच बसतो आणि पट्ट्या बोटांनी छेडून खर्जाचे सूर काढतो. त्यानंतर येतात जमैकातल्या गरीब काळ्या लोकांत जन्मलेल्या रास्ताफारी पंथाचे न्याबिंगी ढोल. हे ढोल तीन प्रकारचे असतात: सर्वांत मोठा खर्जाचा, मधला ‘फुंडे’, जो हृदयाच्या ठोक्यासारखी एकच लय धरून ठेवतो, आणि लहान ‘रिपीटर’, ज्याच्यावर वादक मनमोकळे बोल काढतो. 1960 साली प्रिन्स बस्टर या निर्मात्याने काउंट ओसी यांच्या ढोलवादकांना स्टुडिओत आणून फोक्स ब्रदर्सचे ‘ओ कॅरोलिना’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. पुढच्या सगळ्या प्रवासाचे बीज त्या तबकडीत आहे, असे काकांचे म्हणणे आहे आणि ऐकल्यावर ते पटते. ढोलांचा तो घुमारा गाण्याच्या पाठीमागे राहत नाही, गाणेच त्याच्या आश्रयाला आल्यासारखे वाटते.

रेगेच्या आधीचे स्का आणि रॉकस्टेडी हे दोन टप्पे बैठकीत थोडे घाईने उरकले जातात. 1950च्या दशकात अमेरिकन रेडिओ केंद्रांवरून जमैकात पोचणारे ऱ्हिदम अँड ब्लूज हे काळ्या अमेरिकनांचे संगीत आणि घरचा मेंटो यांच्या मिश्रणातून स्का तयार झाला. तो वेगवान, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांनी भरलेला आहे; 6 ऑगस्ट 1962 रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हाचा उत्साह त्यात ऐकू येतो. 1966च्या सुमारास लय संथ झाली, फुंकवाद्ये मागे सरली, बेस गिटार पुढे आली आणि त्या टप्प्याला रॉकस्टेडी हे नाव पडले. तो जेमतेम दोन वर्षे टिकला. 1968 उजाडले तेव्हा ऑर्गनची एक खळखळती, दुहेरी वेगाची चाल त्यात मिसळली होती, आणि त्याच वर्षी टूट्स हिबर्ट यांच्या मेटल्स या गायकवृंदाने ‘डू द रेगे’ हे गाणे काढले. रेगे हा शब्द नावात मिरवणारी ती पहिली तबकडी मानली जाते.

इथे काका टर्नटेबल थांबवतात आणि सगळ्यांना टाळी द्यायला सांगतात. संध्याकाळचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

माझे वडील डबलबारीच्या भजनात पखवाज वाजवीत असत, त्यामुळे लय माझ्या अंगवळणी पडलेली आहे. आपल्याकडे आवर्तनाचा सारा भार समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येतो. गायक कुठेही भटकून आला तरी समेवर पोचतो, पखवाजाची थाप तिथेच पडते आणि ऐकणाऱ्याची मानही तिथेच हलते. त्या सवयीने मी चार मात्रा मोजू लागले आणि पहिल्या मात्रेवर टाळी दिली, तर तिथे काहीच नव्हते. ढोल गप्प होता. दुसऱ्या मात्रेवर गिटारचा तुटक, आखूड फटकारा आला, तिसरीवर पायाने वाजवायचा मोठा ढोल आणि हाताची काठी एकदम पडली, चौथीवर पुन्हा गिटारचा फटकारा आला, आणि पुढची सम पुन्हा रिकामी गेली. बऱ्याच जणांच्या टाळ्या चुकल्या. तेव्हा काका म्हणाले, “सम आयकाक येवची नाय, ती मनात धरूक व्हयी.”

या ठेक्याला वन ड्रॉप म्हणतात. पहिला ठोका गळून पडलेला, हा त्या नावाचा रोख आहे. मार्लीच्या वेलर्स वाद्यवृंदातले कार्लटन बॅरेट हे या ठेक्याचे सर्वांत नामांकित वादक, आणि त्यांचे बंधू अ‍ॅस्टन बॅरेट बेस गिटारवर होते. आपल्या त्रितालात ‘खाली’, म्हणजे भार नसलेली मात्रा, असते, पण ती नवव्या मात्रेवर असते, आणि तिथे डग्ग्याचा नाद बंद झाला तरी तबला वाजतच राहतो. रेगेने खाली उचलून थेट समेच्या जागी बसवली आहे. ज्या जागी ऐकणारा आधार शोधतो, तिथे पोकळी ठेवली आहे. मग तो आधार ऐकणाऱ्याला स्वतःच्या अंगाने भरून काढावा लागतो. गुडघे त्याच क्षणी वाकतात ते यामुळेच. संथ असूनही या संगीतात इतका ताण का असतो, हे मला वर्षानुवर्षे उलगडले नव्हते, आणि त्या रात्री ते टाळी चुकल्यामुळे उलगडले. शेजारच्या एका तरुणाने हे गाणे झोप आणणारे आहे असे म्हटल्यावर काकांनी दिलेले उत्तरही नोंदवण्याजोगे आहे: “गाणा हळू आसा, आळशी नाय.”

बेसबद्दलही सांगायला हवे. इतर बऱ्याच लोकप्रिय संगीतात बेस गिटार तळाशी राहून आधार देते. रेगेत चाल तीच धरते. गायक थांबला तरी बेसची ओळ गुणगुणता येते, इतकी ती सुरेल असते. ती नीट ऐकू यायची तर यंत्रणा चांगली हवी, आणि इथली यंत्रणा खरोखर चांगली आहे. स्पीकरची खोकी काकांनी फणसाच्या लाकडात करून घेतली आहेत, आणि कोब्याच्या जमिनीवर चटईवर मांडी घालून बसले की खर्ज कानांच्या आधी मांड्यांना कळतो. एकच दोष आहे. फळीवर ठेवलेले तांब्याचे तपेले एका ठरावीक सुराला झणझणू लागते आणि त्या सुराची कड बिघडते. मी ते दोन्ही शनिवारी ऐकले. भांडे हलवले तर हा दोष राहणार नाही.

आता शब्दाच्या अर्थाविषयी. बैठकीत प्रत्येकाला एक छापील पान दिले जाते आणि त्यात रेगे हा शब्द लॅटिनमधल्या राजा या अर्थाच्या शब्दापासून आला, असे एकच वाक्य आहे. माझा आक्षेप या वाक्याला आहे. स्पॅनिशमध्ये राजाचे संगीत असा अर्थ होतो, असे मार्ली सांगत असत हे खरे, आणि रास्ताफारी श्रद्धेशी ते जुळते हेही खरे. परंतु शब्दाच्या उगमाची ती एकमेव कथा नाही. टूट्स हिबर्ट यांनी ‘स्ट्रेगे’ या बोलभाषेतल्या शब्दाकडे बोट दाखवले होते, जो गबाळ्या राहणीच्या मुलीसाठी किंग्स्टनच्या वस्त्यांत वापरला जाई. जमैकन इंग्रजीच्या शब्दकोशात ‘रेगे-रेगे’ असा शब्द सापडतो आणि त्याचे अर्थ दोन आहेत: चिंध्या, फाटके कपडे, आणि भांडण, तंटा. हे दोन अर्थ मला राजापेक्षा जास्त जवळचे वाटतात. अंगावर लक्तरे असलेल्या माणसाने जगाशी मांडलेले भांडण, हाच तर त्या गाण्यांचा विषय आहे. भाडे थकले आहे, काम मिळत नाही, पोलीस दारात आहे, पोरे उपाशी आहेत, अशी ही गाणी आहेत. दुसऱ्या शनिवारी मी हे काकांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या छपाईत सगळे अर्थ घालू असे कबूल केले, हे त्यांच्या मोठेपणाला धरूनच होते.

रास्ताफारी पंथाचा भाग त्यांनी फार जबाबदारीने मांडला, आणि तिथे गांजाच्या पानाचे चित्र कुठेही नव्हते. मार्कस गार्वी या जमैकन नेत्याने काळ्या माणसांना आफ्रिकेकडे मान उंच करून पाहायला शिकवले. 2 नोव्हेंबर 1930 रोजी इथिओपियात रास तफारी यांचा हाइले सेलासी या नावाने राज्याभिषेक झाला, तेव्हा जमैकातल्या काही गरीब लोकांना त्या राजात देव दिसला आणि त्याच्या आधीच्या नावावरून पंथाचे नाव पडले. सेलासी 21 एप्रिल 1966 रोजी किंग्स्टनला आले तेव्हा विमानतळावर लोटलेल्या गर्दीचे वर्णन काकांनी तिथल्या गोदी कामगारांकडून ऐकले होते, ते त्यांनी जसेच्या तसे सांगितले. लाल, पिवळा, हिरवा हे रंग इथिओपियाच्या ध्वजाचे. गाण्यांत वारंवार येणारे ‘बॅबिलॉन’ म्हणजे माणसाला दडपणारी सारी व्यवस्था, आणि ‘झायन’ म्हणजे परतीची भूमी. रास्ता लोक ‘तू आणि मी’ असे म्हणण्याऐवजी ‘मी आणि मी’ म्हणतात, कारण दोघांत वसलेला ईश्वर एकच आहे असे ते मानतात. हे ऐकल्यावर खोलीतली जाणती मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. लहानपणापासून अभंग ऐकलेल्या माणसाला याचा खुलासा लागत नाही.

चहानंतरचा भाग साउंड सिस्टीमचा होता. 1950च्या दशकात किंग्स्टनच्या गरिबांना वाद्यवृंदाचा नाच परवडत नसे, म्हणून काही दुकानदारांनी मोठाले स्पीकर गाडीवर लादून रस्त्यावर आणि मोकळ्या अंगणांत तबकड्या वाजवायला सुरुवात केली. ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड हे त्यांतले दोन बलाढ्य प्रतिस्पर्धी. लोक ज्याच्याकडे वळतील तो जिंकला, असा रोकडा हिशेब होता. प्रतिस्पर्ध्याला गाण्याचे नाव कळू नये म्हणून तबकडीवरचे लेबल खरवडून टाकले जाई. अमेरिकेतून हवी तशी गाणी मिळेनाशी झाली तेव्हा हीच मंडळी स्वतः ध्वनिमुद्रण करू लागली आणि त्यातून जमैकाचा संगीत उद्योग उभा राहिला; डॉड यांचा ब्रेंटफर्ड रोडवरचा स्टुडिओ वन 1963 मध्ये सुरू झाला.

हे ऐकताना मला आमच्या गावच्या देवळापुढचा मांडव आठवत होता. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने अभंग, गौळण, गजर म्हटला की दुसरा त्यावर कडी करतो, श्रोते पहाटेपर्यंत हलत नाहीत, आणि वडील सांगत की नवी चाल बुवा बारीच्या रात्रीपर्यंत कोणाला ऐकवीत नसत. रत्नागिरीकडच्या शक्ती-तुऱ्यातही हाच सामना असतो. मी हे बोलून दाखवल्यावर काकांनी सांगितले की किंग्स्टनला पहिल्यांदा दोन साउंड सिस्टीमची जुगलबंदी पाहिली तेव्हा त्यांनाही डबलबारीच आठवली होती, आणि परदेशच्या त्या संगीताशी त्यांची ओळख तिथूनच जुळली.

याच भागात त्यांनी भारताशी असलेला धागाही थोडक्यात सांगितला. 1838 मध्ये जमैकातली गुलामगिरी पूर्णपणे संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडू लागले आणि 1845 पासून करारबद्ध हिंदुस्थानी मजूर तिथे नेले गेले. गांजा आणि चिलीम हे शब्द त्यांच्याच सोबत त्या बेटावर पोचले. कोकणी माणसाला याहून जवळचे उदाहरण मॉरिशसचे आहे. तिथे गेलेल्या मराठी मजुरांत रत्नागिरीकडचे लोक पुष्कळ होते, आणि त्या बेटावर 1980च्या दशकात सेगा या स्थानिक संगीतात रेगे मिसळून सेगे नावाचा नवा प्रकार जन्मला. त्याचा प्रवर्तक काया 1999 मध्ये पोलीस कोठडीत मरण पावला आणि त्यानंतर बेटावर दंगली उसळल्या. त्याचे एक गाणे काकांनी वाजवले. ते संपल्यावर काही वेळ कोणी बोलले नाही.

उणिवाही स्पष्ट सांगते. तपेल्याचा आणि छापील पानाचा उल्लेख वर झालाच आहे. त्याहून मोठी उणीव ही की पावणेतीन तासांत एकाही गायिकेचे गाणे मुख्य म्हणून वाजले नाही. मार्शा ग्रिफिथ्स यांनी स्टुडिओ वनमध्ये स्वतःच्या नावावर उत्तम गाणी गायिलेली आहेत आणि पुढे रीटा मार्ली व जुडी मोवट यांच्यासह आय थ्रीज या त्रयीत त्या मार्लींच्या मागे उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज आम्ही केवळ साथीला ऐकला. संग्रहात त्यांच्या तबकड्या आहेत, हे मी स्वतः पाहिले, त्यामुळे ही उणीव अधिकच खटकली. दुसरे म्हणजे डब. रेडिओ दुरुस्तीतून आलेल्या किंग टबी यांनी ध्वनिमुद्रित गाण्यातला आवाज काढून टाकला, ढोल आणि बेस उघडे ठेवले, मध्येच एखादा शब्द प्रतिध्वनीत विरघळू दिला, आणि ध्वनिमुद्रण यंत्रालाच वाद्य केले. रिकाम्या समेचा विचार समजावून घेतलेल्या श्रोत्याला पुढे नेणारा खरा टप्पा हाच, आणि त्याला शेवटची दहा मिनिटे मिळाली. अमेरिकेतल्या हिप-हॉपचा पाया घालणारे कूल हर्क मूळचे किंग्स्टनचे, एवढे सांगून विषय संपला. मेंटो थोडा कमी करून डबला अर्धा तास द्यावा. तिसरी उणीव गाण्यांच्या शब्दांची: जमैकाची बोली इंग्रजी जाणणाऱ्यालाही पटकन कळत नाही, आणि काका अर्थ सांगतात तो तबकडी फिरू लागल्यावर. निवडक कडव्यांचा मराठी अर्थ छापून दिला, तर शाळकरी मुलांनाही बैठक झेपेल.

जेवण साधे आणि उत्तम आहे. काकूंच्या हातचे बांगड्याचे तिखले, भात, सोलकढी. न खाणाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्याची उसळ. वाढताना घाई नसते.

बैठका ऑक्टोबर ते मे एवढ्याच काळात होतात, कारण पावसाळ्यातल्या दमट हवेत काका तबकड्या कपाटाबाहेर काढत नाहीत. गुरुवारपर्यंत कळवले नाही तर जागा मिळणे कठीण. रस्ता शेवटच्या वळणानंतर अरुंद आहे, गाडी देवळापाशी ठेवून चालत जावे. ढोल किंवा तबला वाजवणाऱ्या मुलांना अवश्य न्यावे. पाठीमागे गाणे चालू ठेवून गप्पा मारायच्या असतील, तर ही जागा त्यासाठी नाही. युनेस्कोने 2018 मध्ये जमैकाच्या रेगेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, त्याचे कात्रण दाराजवळ चौकटीत लावले आहे. आत जाण्याआधी वाचले तर बैठकीची तयारी होते.

पुढच्या शनिवारच्या दोन जागा मी सांगून ठेवल्या आहेत. वडिलांना वन ड्रॉप ऐकवायचा आहे, आणि काकांनी त्यांना पखवाज घेऊनच यायला सांगितले आहे. त्यांना आता खाली मांडी घालून बसता येत नाही आणि माजघरात खुर्ची एकही नाही, म्हणून एक खुर्ची लागेल, हेही कळवले आहे.